आयएसएलच्या आधी काय होतं?

गेल्या अंकात मुंबई सिटी या फुटबॉल क्लबाबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं : देशाची लीग जिंकणारा हा मुंबईचा पहिला संघ नव्हे, २००६ साली महिंद्राने ती जिंकली होती. त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली तेवढी बाकीच्या मजकुरावर आली नाहीत. म्हणून या वेळी सगळे प्रश्न त्याच जुन्या लीगचे घेतले आहेत. क्रिकेटवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरावा.

प्रश्न : माझा मित्र म्हणतो, आयएसएलच्या आधी भारतात फुटबॉलची लीगच नव्हती, नुसत्या स्पर्धा होत्या. हे खरं का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

मित्र चुकतोय, पण त्याच्यावर रागवू नका. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, आली ऑक्टोबर २०१४ मध्ये, नटनट्या आणि आतषबाजी घेऊन. त्याच्या जवळजवळ अठरा वर्षं आधी, १९९६-९७ च्या मोसमात, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग सुरू केली होती. प्रियरंजन दासमुन्शी तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते. पहिल्या मोसमाला फिलिप्स कंपनीचं नाव होतं.

मित्राचं अर्धं बरोबर असं की, त्याआधीची शंभर वर्षं खरोखरच नुसत्या स्पर्धांची होती. ड्युरँड १८८८ पासून, आपल्या मुंबईतला रोव्हर्स कप १८९१ पासून, आयएफए शील्ड १८९३ पासून. लीगही होत्या, पण शहरापुरत्या. कोलकात्याची लीग १८९८ ची आहे, मुंबईची हारवूड लीगही विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. १९४१ मध्ये संतोष करंडक आला, तो राज्यांचा. १९७७ मध्ये फेडरेशन कप आला, तो क्लबांचा, पण तीही बाद पद्धतीची स्पर्धा. म्हणजे ५१ आणि ६२ चं एशियाडचं सुवर्ण आणि मेलबर्न ऑलिम्पिकमधलं चौथं स्थान ज्या देशाने मिळवलं, त्या देशात सबंध मोसमभर एकमेकांच्या गावी जाऊन खेळायची लीग नव्हती. कोलकात्याला तिची गरजच वाटत नव्हती, असं माझं मत आहे. मोहन बागान आणि ईस्ट बंगालला घरच्या घरी लाखभर माणूस मिळायचा, मग फगवाड्याला कोण कशाला जाईल?

आणि गंमत बघा, पहिला विजेता निघाला फगवाड्याचाच! पंजाबातल्या जेसीटी या कापड गिरणीचा संघ. बारा संघ, दोन गट, त्यातून आठ जण पुढच्या फेरीत, अशी रचना होती. मोहन बागान त्या आठांतही आला नाही. जेसीटीचे प्रशिक्षक होते सुखविंदर सिंग आणि संघात आय. एम. विजयन, कार्लटन चॅपमन, जो पॉल अंचेरी आणि ईस्ट बंगालहून आलेला विशीतला बायचुंग भुतिया. भुतियाने १४ गोल केले आणि मोसमात सर्वाधिक गोलांचा मान त्याचाच. दुसरा आला गोव्याचा चर्चिल ब्रदर्स.

बाद पद्धतीत एक दिवस खराब गेला की सामान बांधायचं. लीगमध्ये त्याच संघाला पुन्हा उभं राहावं लागतं, आणि तेही कधी मडगावच्या दमट हवेत, कधी पंजाबच्या जानेवारीत. ही परीक्षा भारतातल्या क्लबांनी पहिल्यांदा दिली ती १९९६ मध्ये. मित्राला एवढं सांगा.

प्रश्न : माझे सासरे महिंद्राच्या कांदिवलीच्या कारखान्यात होते. ‘आमची कंपनी फुटबॉलमध्ये भारतात पहिली आली होती’ असं ते नेहमी सांगतात. घरात सगळे हसतात. तुमचं वाक्य वाचून त्यांनी मलाच पत्र लिहायला लावलं. (गृहिणी, डोंबिवली)

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा, आणि हसणाऱ्यांना हे वाचून दाखवा. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग महिंद्रा युनायटेडने जिंकली. प्रशिक्षक गोव्याचे डेरिक परेरा. आघाडीला घानाचा युसुफ याकुबू, ब्राझीलचा होजे बॅरेटो, आणि उजव्या बाजूने धावणारा आपला मुंबईचा स्टीवन डायस. फेडरेशन कपही त्यांनी त्याच सुमारास, २००५ मध्ये जिंकला होता. राष्ट्रीय लीगच्या अकरा मोसमांत कोलकाता, गोवा आणि पंजाब सोडून दुसरीकडे करंडक गेला तो एवढाच एकदा.

मी बँकेत स्पोर्ट्स कोट्यातून लागलेला माणूस, डावा बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू. त्यामुळे कंपनीचा संघ म्हणजे काय ते आतून माहीत आहे. आम्ही सकाळी मस्टरवर सही करायचो, दुपारपर्यंत काउंटरवर बसायचो, मग साहेब ग्राउंडला सोडायचा. सामना जिंकलो तर दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा फुकट, हरलो तर लेजर घेऊन आलेला शिपाईसुद्धा तोंडाकडे बघून हसायचा. पगार बँकेचा, इन्क्रिमेंट बँकेचं, आणि गुडघा गेला तरी नोकरी शाबूत. टाटा, मफतलाल, बर्मा शेल, एअर इंडिया, रेल्वे, पोलीस, आरसीएफ : मुंबईचं फुटबॉल या मस्टरवरच उभं होतं. फुटबॉल बत्तिशीत संपायचं, नोकरी अठ्ठावन्नला.

लीग आल्यावर हे हळूहळू बदललं. महिंद्रानेही नावातून ‘अँड महिंद्रा’ काढून ‘युनायटेड’ लावलं, खेळाडू करारावर घेतले, परदेशी आणले. मुंबईच्या कूपरेज मैदानावर त्यांचे सामने मी पाहिले आहेत. दुपारचं ऊन, समोरच्या बाजूला मोकळ्या पायऱ्या, त्यांच्यावर ऑफिसातून सटकलेले शे-दोनशे लोक, आणि मधूनच कुणीतरी गोरेगावचा किंवा वांद्र्याचा मुलगा ‘स्टीवन, बाहेर ठेव, बाहेर!’ म्हणून ओरडायचा. स्टीवनचा क्रॉस यायचा तो गोलकीपर आणि बॅक यांच्या बरोबर मधोमध, वाकून. डावा बॅक म्हणून सांगतो, असा चेंडू आला की तुम्ही चेंडूकडे बघता तेव्हा माणूस सुटतो आणि माणसाकडे बघता तेव्हा चेंडू. याकुबूला फक्त तिथे असायचं होतं, आणि तो असायचा.

चार वर्षांनी, २००९-१० चा मोसम संपल्यावर, कंपनीने संघ बंद केला. शाळकरी मुलांच्या फुटबॉलकडे लक्ष देऊ म्हणाले. पुढच्या वर्षी, २०११ मध्ये, जेसीटीही बंद. राष्ट्रीय लीगचा पहिला विजेता आणि तिचा मुंबईतला एकमेव विजेता, दोन्ही वर्षभराच्या अंतराने गेले. कूपरेजच्या पायऱ्यांवरच्या त्या शे-दोनशे लोकांना कुणी काही विचारलं नाही. विचारणार तरी कशाला? संघ त्यांचा नव्हताच.

प्रश्न : एनएफएल आणि आय-लीग या दोन वेगवेगळ्या लीग होत्या का? (वाचक, परभणी)

एकीचंच पुढे दुसरीत रूपांतर झालं. राष्ट्रीय लीग, म्हणजेच एनएफएल, २००६-०७ पर्यंत चालली. २००७-०८ पासून तीच आय-लीग झाली, ‘व्यावसायिक लीग’ म्हणून. कागदावर नियम कडक झाले, मैदानावर बरेचसे तेच संघ, तेच खेळाडू आणि तीच दुपारची वेळ. झी स्पोर्ट्सने महासंघाशी दहा वर्षांचा करार केला होता, तो २०१० मध्येच मोडला. त्याच वर्षाच्या शेवटी आयएमजी-रिलायन्सबरोबर पंधरा वर्षांसाठी ७०० कोटींचा करार झाला आणि आयएसएलचा पाया तिथे घातला गेला. काही वर्षं दोन्ही लीग शेजारी शेजारी चालल्या. २०१९ मध्ये आशियाई महासंघाच्या मान्यतेने आयएसएल वरच्या पायरीवर बसली आणि आय-लीग खाली सरकली.

प्रश्न : टीव्हीवर गोव्याचा एकच क्लब दिसतो, एफसी गोवा. पण आमच्या घरात अजून धेंपे आणि साळगावकर यांच्यावरून भांडणं होतात. एवढे क्लब गेले कुठे? (शिक्षक, फोंडा)

ज्या घरात ही भांडणं होतात त्या घरात मला एकदा जेवायला बोलवा, माशांची आमटी मात्र हवी.

राष्ट्रीय लीग जिंकणारा गोव्याचा पहिला क्लब वास्कोचा साळगावकर, १९९८-९९ मध्ये. प्रशिक्षक शब्बीर अली आणि खेळाडूंत ब्रुनो कुतिन्हो. मग २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये धेंपे. आय-लीग झाल्यावर तर कमालच. २००७-०८ धेंपे, मग चर्चिल, परत धेंपे, मग साळगावकर, परत धेंपे, आणि २०१२-१३ मध्ये परत चर्चिल. सलग सहा मोसम करंडक गोव्याबाहेर गेला नाही. एवढ्याशा राज्याने कोलकात्याला सहा वर्षं दारात उभं केलं! धेंपेच्या पाचही विजेतेपदांच्या वेळी प्रशिक्षक एकच, आर्मांडो कुलासो. परदेशी प्रशिक्षकांच्या मागे धावणाऱ्या आपल्या क्लबांनी या माणसाची फाईल अजून नीट वाचलेली नाही. त्याच्या संघात क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा, समीर नाईक, महेश गवळी अशी गावची मुलं होती आणि आघाडीला नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. रँटीने २०११-१२ च्या एका मोसमात ३२ गोल केले. बत्तीस! काही संघांचे सबंध मोसमात तेवढे होत नाहीत.

आता कुठे गेले म्हणाल, तर धेंपे आणि साळगावकर ही खाणींवर उभी राहिलेली घराणी, आणि चर्चिल ब्रदर्सच्या मागे आलेमाव कुटुंब. चर्चिल आलेमाव तर १९९० मध्ये काही दिवस मुख्यमंत्रीही होते. तिन्ही क्लब एकेका घराण्याच्या जिवावर चालले, आणि घराण्याची हौस असेपर्यंत उत्तम चालले, हे मान्य करायला हवं. आयएसएल आली तेव्हा एफसी गोवाच्या मालकांत धेंपे आणि साळगावकर घराण्यांतलीच माणसं होती. पुढे आय-लीगला दुय्यम दर्जा मिळणार हे दिसू लागल्यावर २०१६ मध्ये धेंपे, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या तिघांनी निषेध म्हणून तिच्यातून अंग काढून घेतलं. रागाचं कारण मला पटतं. वर्षानुवर्षं करंडक जिंकायचे आणि एक दिवस कुणीतरी सांगायचं की, ही लीग आता वरची नव्हे.

चर्चिल परत आले, आणि धेंपेही खालच्या पायऱ्या चढत २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये आले. तेव्हा भांडण चालू ठेवायला हरकत नाही.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त टोकियोत राहतो. इथली जे-लीग १९९३ ची, आपली १९९६ ची. अवघा तीन वर्षांचा फरक. मग त्यांचा संघ दर वेळी विश्वचषकात आणि आपण कुठेच नाही, असं का? (सॉफ्टवेअर अभियंता)

या अंकातला सगळ्यात चांगला प्रश्न, म्हणून जरा ऐसपैस उत्तर देतो.

आधी तीन वर्षांचा गैरसमज काढून टाका. जपानने कंपन्यांच्या संघांची देशव्यापी लीग १९६५ मध्येच सुरू केली होती. टोकियो ऑलिम्पिकच्या तयारीसाठी आलेल्या डेटमार क्रॅमर या जर्मन प्रशिक्षकाचा तो आग्रह होता. ती १९९२ पर्यंत चालली. म्हणजे जे-लीगच्या मागे सत्तावीस मोसमांची सवय होती. आपल्या लीगच्या मागे रोव्हर्स कपच्या आठवणी होत्या.

पण खरा मुद्दा पुढे आहे. जपानची ती जुनी लीगही आमच्यासारखीच होती, मस्टरवाली. निसान, मित्सुबिशी, योमिउरी, फुरुकावा, माझदा. खेळाडू कंपनीचे नोकर आणि प्रेक्षक तुरळक. जे-लीग उभी करताना तिचे अध्यक्ष साबुरो कावाबुची यांनी अट घातली की, क्लबाच्या नावात कंपनी नको, गाव हवं. कावाबुची स्वतः फुरुकावाचे जुने खेळाडू, म्हणजे हा काही बाहेरून आलेला उपदेशक नव्हता. निसानचे योकोहामा मारिनोस झाले, मित्सुबिशीचे उरावा रेड्स, माझदाचे हिरोशिमाचे सानफ्रेचे. योमिउरी हा तर देशातला बलाढ्य वृत्तपत्र समूह. त्यांना हे मुळीच पटलं नाही आणि त्या वादाने बरीच वर्षं खाल्ली. कावाबुची हलले नाहीत.

पैसा कंपन्यांचाच राहिला, हे विसरू नका. पण त्याबरोबर क्लबाने गावात रुजायचं, मुलांचे संघ चालवायचे, मैदान नगरपालिकेशी बोलून मिळवायचं, असं ठरलं. १५ मे १९९३ ला पहिला सामना टोकियोच्या नॅशनल स्टेडियमवर झाला, योमिउरीचा वर्दी विरुद्ध मारिनोस, आणि ५९,६२६ माणसं आली. पहिला गोल वर्दीच्या हेनी मेयर या डच खेळाडूचा, पण जिंकले मारिनोस, २-१. दुसऱ्या दिवशी काशिमा या लहानशा गावाच्या क्लबाकडून ब्राझीलच्या झिकोने हॅटट्रिक केली. काशिमाचा मूळ संघ सुमितोमो मेटल या पोलाद कंपनीचा, आणि झिको तिथे आला तेव्हा तो खालच्या विभागात खेळत होता!

आता महिंद्राची गोष्ट आठवा आणि ही ऐका. १९९८ मध्ये योकोहामा फ्ल्युगेल्स या क्लबाच्या मागच्या कंपन्यांची परिस्थिती बिघडली आणि त्याचं मारिनोसमध्ये विलीनीकरण जाहीर झालं. मोसम संपायचा होता. खेळाडू उरलेले सामने जिंकत गेले आणि १ जानेवारी १९९९ ला एम्परर्स कप या जपानच्या बाद स्पर्धेची अंतिम लढतही २-१ ने जिंकले. करंडक हातात आणि क्लब बंद! पण तिथले प्रेक्षक गप्प बसले नाहीत. मारिनोसला पाठिंबा द्यायला ते तयार नव्हते. त्यांनी वर्गणी काढून योकोहामा एफसी नावाचा स्वतःचा क्लब काढला, आणि पुढे तो वरच्या विभागातही खेळला. तुम्ही टोकियोत आहात, एखाद्या रविवारी जाऊन बघून या आणि मला कळवा.

कंपन्या तिथेही हात काढून घेतात. फरक एवढाच की, तिथे मागे राहणाऱ्याला आपण मागे राहिलोय असं वाटण्याइतका क्लब त्याचा झालेला असतो. आपल्याकडे १९९७ मध्ये एफसी कोचीन निघाला, पहिला व्यावसायिक क्लब म्हणून गाजला, जेसीटीतून विजयन, चॅपमन आणि अंचेरी यांना घेऊन गेला, त्याच वर्षी ड्युरँड जिंकला, आणि २००२ पर्यंत आटोपला. केरळात प्रेक्षकांची वाण नव्हती, पण क्लब त्यांच्या हातात कधीच दिला गेला नव्हता.

प्रश्न : कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्याला जेवढी गर्दी होते तेवढी पुण्या-मुंबईच्या क्लबांना कधी झाली नाही. मग आमचा एकही संघ देशाच्या लीगमध्ये का नाही? (निवृत्त तालीम कार्यकर्ता, कोल्हापूर)

दादा, वरचं टोकियोचं उत्तर खरं तर तुमच्यासाठीच आहे. जपान्यांनी जे मुद्दाम घडवलं ते तुमच्याकडे आयतं आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. संघ पेठेचा, वर्गणी पेठेची, आणि हरल्यावरचा रागही पेठेचा.

अडतं ते पुढे. देशाच्या लीगमध्ये यायचं तर परवाना लागतो. त्यासाठी वयोगटांचे संघ, प्रमाणपत्र असलेले प्रशिक्षक, लेखापरीक्षण केलेले हिशेब, पगारी कर्मचारी, नियमात बसणारं मैदान. शिवाय वर्षभर विमानाने संघ फिरवायचा, कधी ऐझॉलला, कधी श्रीनगरला. हा खर्च एका पेठेला झेपणारा नाही. पुण्यात पिरामल गटाचा पुणे एफसी २००९-१० मध्ये आय-लीगमध्ये तिसरा आला होता, पण तोही टिकला नाही. डीएसके शिवाजियन्स आला आणि गेला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला. पैसा होता, पेठ नव्हती.

सगळ्या तालमींनी मिळून कोल्हापूरचा एक क्लब काढावा, असं मी सुचवलं तर पहिलं भांडण जर्सीच्या रंगावरून होईल, मला ठाऊक आहे. तरी सुचवतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तुमच्याच गावचा. त्याला पुढे खेळायला बाहेर जावं लागलं. पुढच्या पोराला लागू नये एवढंच बघा. जर्सी सध्या पांढरी ठेवा.

प्रश्न : मुलींची लीग कधी सुरू झाली? बाबा म्हणतात, अजून झालीच नाही. (इयत्ता नववी, नागपूर)

बाबांना सांग, २०१६-१७ मध्ये झाली. मुलांच्या मागून वीस वर्षांनी. पहिल्या मोसमाची शेवटची फेरी दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाली आणि मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकला. नंतर केरळच्या गोकुलमने सलग तीनदा नेली, मग ओडिशाने, मग ईस्ट बंगालने. महाराष्ट्राच्या क्लबाला ती अजून मिळालेली नाही. तू कुठल्या जागेवर खेळतेस ते मात्र लिहिलं नाहीस. डावा बॅक असशील तर पुढच्या पत्रात सविस्तर लिही.